लाकडी घर सजवताना आधी लाकूड मोकळे करा

हातोद, देपालपूर, गौतमपुरा आणि इंदुरातल्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांत ज्यांची सागवानी खांबांची घरे अजून उभी आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जाड भिंती मातीच्या नाहीतर विटांच्या, पण घराचा भार पेलतो तो लाकडाचा सांगाडा. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि वर माती किंवा कौले. थंड प्रदेशात अख्खे ओंडके एकावर एक रचून घर बांधतात, आपल्याकडे लाकूड तासून, कातून, कोरून उभे केले जाते. रचना वेगळी असली तरी आत राहणाऱ्याचा प्रश्न एकच असतो. घरच लाकडाचे असेल तर आत काय लावावे, काय ठेवावे, आणि कशाला हात लावू नये?

माझे सांगणे असे आहे. तुमच्या घरात सजावट आधीपासून आहे. गेल्या काही वर्षांत तिच्यावर जे थर चढले ते उतरवा, आणि त्यानंतर जे आणाल ते थोडे, हलके आणि हलवता येईल असे आणा.

थर कसे चढतात ते सगळ्यांना माहीत आहे. मुलाचे लग्न ठरते. पाहुणे येणार, फोटो निघणार, म्हणून खांबांना चॉकलेटी ऑइल पेंट लागतो. भिंतीला पोपडे आलेले असतात, त्यांवर पीव्हीसीची पॅनेले ठोकली जातात. कडीपाटातून माती झरते म्हणून खाली पीओपीचे छत येते आणि त्यात निळे-गुलाबी दिवे बसतात. घर इंदुरातल्या फ्लॅटसारखे दिसू लागते आणि घरच्यांना बरे वाटते. मी त्यांना दोष देणार नाही. जुन्या घराच्या तक्रारी खऱ्या आहेत. माती पडते, अंधार असतो, छत डोक्याला लागते. पण या तक्रारींना दुसरे उपाय आहेत, आणि ते स्वस्तही आहेत.

आधी झाकण्यातला धोका समजून घ्या. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभे असलेले घर दरवर्षी थोडे हलते. लाकडाचे सांधे ही हालचाल सोसतात, म्हणून ही घरे इतकी वर्षे टिकली. पण कुठे सांधा सुटला, कुठे कडी वाकली, कुठे वाळवीने मातीची बारीक नळी वर चढवली, हे डोळ्यांना दिसले पाहिजे. पीओपीच्या छतामागे कडी कुजत असेल तर ती खाली येईपर्यंत कळत नाही. भिंतीत अर्धा बुडालेला खांब असेल आणि त्या भिंतीला प्लास्टिक पेंट किंवा पॅनेल लावले, तर भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. ती खांबाच्या पायथ्याशी साचते आणि सागवानही तिथून खराब होऊ लागते. म्हणून या घरात एक नियम पाळा. जे झाकाल ते वर्षातून एकदा, एका दिवसात, घरच्या माणसांना उघडता आले पाहिजे.

छतातून माती पडते यावर आपल्या जुन्या लोकांनी काढलेला उपाय याच नियमात बसतो. ते बैठकीच्या खोलीत कडीपाटाखाली कापडाचा चांदवा ताणून बांधत. आजही हे करता येते. मांजरपाटाचे किंवा जाड खादीचे कापड पातळ लाकडी चौकटीवर ताणा आणि दोन तुळयांच्या मधल्या जागेत पितळी हुकांवर अडकवा. चौकट चार भागांत ठेवलीत तर एक-एक भाग एकट्याला काढता येतो. तुळया आणि त्यांना खालून आधार देणारे कोरीव हस्त उघडे राहतात, माती कापडावर थांबते, आणि दिवाळीच्या आधी कापड धुवायला काढले की कड्यांची पाहणी आपोआप होते. पांढऱ्या कापडामुळे खोली उजळते हा वेगळा फायदा. चांदवा मात्र दिवा, समई आणि चुलीच्या आसपास कधीही नको.

आता ऑइल पेंटविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण इथे सर्वात जास्त नुकसान होते, आणि घाई केली तर माणसांनाही अपाय होतो.

आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या चकचकीत ऑइल पेंटमध्ये, शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ हवेत उडते, जमिनीवर बसते, आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते आणि झालेले नुकसान भरून निघत नाही. म्हणून मशीन लावून खांब एका दिवसात स्वच्छ करून देतो म्हणणाऱ्या कारागिराला थांबवा. रंग दिव्याच्या ज्योतीने जाळूनही काढू नका, त्यात धूरही विषारी आणि घरही लाकडाचे.

रीत अशी ठेवा. एका वेळी एकच खोली घ्या, ती रिकामी करा, दाराला ओला पडदा लावा. लहान मुले आणि गरोदर बाई त्या काळात दुसरीकडे राहू द्या. खांबाच्या मागच्या बाजूला हातभर जागा निवडून तिथे रंग काढणारे द्रावण आधी लावून पाहा. रंग फुगला की बोथट पट्टीने हळूच उचला. कोरीव भागात दात घासायचा जुना ब्रश आणि बांबूची टोकदार काडी वापरा, लोखंडी तार नको. काम करताना साधा रुमाल पुरत नाही, धूळ अडवणारा चांगला मास्क आणि हातमोजे लागतात. निघालेला रंग झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपून गोळा करा आणि बंद पिशवीत ठेवा. शेतात, विहिरीजवळ किंवा शेणखताच्या उकिरड्यात टाकू नका. कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने खांब धुण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. तीव्र खाराने सागवान काळवंडते आणि त्याच्या वरच्या शिरा खरखरीत होतात.

ज्या खांबांवर रंग नाही, फक्त वर्षानुवर्षांचा धूर आणि तेलकटपणा आहे, त्यांना यातले काहीच लागत नाही. रिठ्याचे कोमट पाणी, पिळून घेतलेले सुती फडके, आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसणे, एवढ्यानेच लाकूड उघडे पडते. पाणी ओतू नका. मार्च-एप्रिल हे या कामाचे दिवस, कारण हवा कोरडी असते आणि लाकूड लवकर सुकते.

लाकूड उघडे झाले की त्याला काय लावायचे? घरात असलेल्या सागवानी खांबाला चकाकी लागत नाही. त्याच्या गाभ्यात स्वतःचे तेल असते, म्हणूनच वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. सालीजवळच्या पांढऱ्या लाकडाला मात्र ती सोडत नाही. जवसाचे उकळून तयार केलेले तेल फडक्याने पातळ चोळावे, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून काढावे, दोन-तीन दिवस सुकू द्यावे, आणि वर मधमाशीचे मेण हलक्या हाताने फिरवावे. जिथे रोज हात लागतो, म्हणजे दाराची चौकट, जिन्याचा कठडा, झोपाळ्याची फळी, तिथे वर्षातून एकदा हेच पुन्हा करावे. लाखेचे पॉलिश दिसायला देखणे, पण पाण्याचा आणि गरम भांड्याचा डाग त्यावर लगेच उठतो. ते कपाटाला ठीक, जेवणाच्या टेबलाला नको. आणि एक गोष्ट कृपा करून घरातल्या प्रत्येकाला सांगा. जवसाच्या तेलाचे फडके बोळा करून कोपऱ्यात टाकले तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. काम संपले की फडके पाण्यात बुडवा किंवा अंगणात मोकळे पसरून पूर्ण सुकवा.

श्रावणात दार चौकटीत अडकू लागले की लगेच रंधा मारायला सुतार बोलावू नका. लाकूड ओल घेऊन फुगलेले असते. त्या वेळी तासलेले दार माघात खुळखुळते. तसेच वैशाखात सांध्यांत फट दिसली म्हणून त्यात सिमेंट किंवा चिकट लांबी भरू नका. पाऊस पडला की फट आपली आपण मिटते, आणि भरलेला कडक माल लाकडालाच चिरतो.

भिंतींना चुना लावा. मातीच्या आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंतीला चुन्याच्या सफेदीइतके योग्य दुसरे काही नाही. ती ओल अडवत नाही, बुरशीला थारा देत नाही, आणि अंगावर घेतलेला उजेड खोलीत परत टाकते. थोडा डिंक घातला की हाताला कमी लागते, चिमूटभर निळीने पांढरेपणा खुलतो. सागवानाच्या तपकिरी रंगाशेजारी स्वच्छ पांढरी भिंत असली की घरातल्या खांबांची कोरीव कामे दुरूनही वाचता येतात. एखाद्या भिंतीला रंग हवाच असेल तर चुन्यातच गेरू किंवा पिवडी मिसळून द्या, आणि तोही एकाच भिंतीला.

दिव्यांचा प्रश्न बहुतेक घरांत चुकीच्या बल्बमुळे बिघडतो. दुकानात सहसा मिळणारा ६५०० केल्व्हिनचा पांढरा एलईडी लाकडाला राखाडी, निर्जीव दाखवतो. २७०० ते ३००० केल्व्हिनचा पिवळसर दिवा घ्या, खोक्यावर तो आकडा छापलेला असतो. छताच्या मध्यावर एक मोठा दिवा लावण्याऐवजी भिंतीवर दोन लहान दिवे लावा, ज्यांचा उजेड वर कडीपाटावर पडेल. अंधाऱ्या माजघरात चौकाकडच्या दारासमोर आरसा टांगला तर दिवसा दिवा लावायची गरज कमी होते.

हे सगळे दिसण्याचे झाले. सामान आणण्याआधी वजनाकडे पाहा, कारण घर सजवताना लोक सर्वात मोठी चूक इथे करतात. वरच्या मजल्याची जमीन लाकडी कड्यांवर असते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत दोन इंच जाडीचा मसाला घालून टाइल बसवल्या तर त्या एका जमिनीचे वजन सव्वा टनाच्या आसपास जाते. कड्यांना हे वजन रात्रंदिवस उचलायचे असते, आणि ते उतरवण्याचा सोपा मार्ग नसतो. वर टाइल लावू नका. फळ्या घट्ट करून घ्या, तेल चोळा, वर जाजम किंवा सतरंजी अंथरा. पाचशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे अर्धा टन, ती माळ्यावर कधीही नको. अंगणात स्वतंत्र लोखंडी स्टँडवर ठेवा. लोखंडी कपाट, पुस्तकांची मांडणी, धान्याची कोठी अशा जड वस्तू शक्यतो तळमजल्यावर असाव्यात. वर ठेवणे भागच असेल तर भिंतीलगत, जिथे कडीचे टोक टेकते तिथे, आणि एकाच कडीवर भार न येता तीन-चार कड्यांवर वाटला जाईल असे आडवे ठेवा.

पंखा टांगताना तुळईला खालून खाच मारू नका. वाकणाऱ्या तुळईचा खालचा काठ ताणाखाली असतो, तिथला एक इंचही मोलाचा असतो. तुळईभोवती लोखंडी पट्टा आवळून त्याला हूक लावा, किंवा छत खाली असेल तर भिंतीचा पंखा घ्या. झोपाळ्यालाही हेच लागू आहे. झोपाळा टांगायच्या जुन्या कड्या तुळईत असतील तर त्यांच्याभोवती लाकडाला चीर पडली आहे का ते टॉर्च लावून पाहा. झोपाळा हलतो तेव्हा स्थिर वजनापेक्षा जास्त ओढ लागते, आणि लग्नघरात त्यावर एकदम चार जण बसतात.

आता आगीविषयी. आपल्या डोळ्यांसमोर इंदूरचा राजवाडा उभा आहे. सात मजली, खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे. १८०१ मध्ये शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले तेव्हा तो जळला, १९०८ मध्ये पुन्हा आग लागली, आणि १९८४ च्या दंगलीत तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला, कारण त्याच्यामागे संस्थान होते, नंतर होळकर घराणे आणि शहर होते. पुण्यात शनिवारवाड्याला २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. तो वाडा परत उभा राहिला नाही, आज जोती आणि तट पाहायला मिळतात. तुमच्या घरामागे संस्थान नाही, म्हणून तुमची काळजी राजवाड्याच्या काळजीपेक्षा जास्त हवी.

आज लाकडी घराला सर्वात मोठा धोका तारांचा आहे. एके काळी लाकडी पट्टीत तारा बसवून वर लाकडी झाकण ठोकत. त्या तारांवर तेव्हा दोन दिवे आणि एक पंखा चालत होता. आता त्याच तारांवर फ्रिज, गीझर, मिक्सर, कूलर आणि कुठे कुठे एसीही आला आहे. तार तापते, वरचे रबर ठिसूळ होऊन गळते, आणि उघडी तार कोरड्या लाकडाला टेकलेली असते. जुनी तार पूर्ण बदला. नवी आग न पसरवणारी असावी, लाकडावरून जाताना ती धातूच्या नळीतून न्यावी. प्रत्येक जड यंत्राला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी, आणि सगळ्या घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. नळ्या भिंतीवर उघड्या दिसतात म्हणून घाबरू नका. सरळ ओळीत बसवलेली काळी लोखंडी नळी सागवानाशेजारी मुळीच वाईट दिसत नाही. दिवाळीच्या चिनी माळा खांबाला गुंडाळून रात्रभर लावून ठेवणे आजपासून बंद करा. एक चार किंवा सहा किलोचे कोरड्या पावडरचे अग्निशामक जिन्यापाशी टांगा, आणि घरातल्या बायकांना व मोठ्या मुलांना ते चालवायला शिकवा. आग लागते तेव्हा घरात बहुधा तीच माणसे असतात.

स्वयंपाकघरात शेगडीमागे आणि वर लाकूड उघडे ठेवू नका. स्टीलचा पत्रा भिंतीपासून बोटभर अंतर ठेवून लावला की उष्णता मागे पोहोचत नाही. देवघरात समई दगडी फरशीवर किंवा मोठ्या पितळी परातीत ठेवा. देव्हाऱ्याला पडदा नको, आणि निजताना जळती वात मागे ठेवू नये. याहून जास्त सांगायची गरज नाही.

फर्निचरकडे येऊ. महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. १७६७ ते १७९५ इतका काळ जिथून माळव्याचा कारभार चालला, तिथे लाकडी खांबांच्या ओसरीत एक साधी गादी आहे. मोठमोठे सिंहासन नाही, भिंतीभर आरसे नाहीत. खांब दिसतात, ओसरीतून वारा येतो, आणि गादीवरची बैठक जमिनीजवळ असल्यामुळे छत उंच वाटते. लाकडी घराला खाली बसण्याची व्यवस्था शोभते ती याच कारणाने. आपल्या जुन्या घरांचे छत कुठे कुठे जेमतेम साडेसात-आठ फूट असते. तिथे उंच पाठीचा, फुगीर, सात आसनांचा सोफा टाकला की खोली भरून जाते, आणि मागचा खांब दिसेनासा होतो. त्याऐवजी भिंतीलगत बुटकी लाकडी बैठक, तिच्यावर कापसाची गादी, लोड आणि तक्के, समोर दोन-तीन वेताच्या खुर्च्या, मध्ये चौरंग. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी बैठक अठरा इंच उंच करून घ्या आणि एक हात टेकायची खुर्ची त्यांच्या हक्काची ठेवा. सजावटीपायी म्हाताऱ्या माणसाला जमिनीवरून उठायला लावणे बरोबर नाही.

नवे विकत घेण्याआधी माळ्यावर चढून पाहा. बहुतेक घरांत एक संदूक, एक घडवंची, तुटक्या वेताची आरामखुर्ची, पाळणा, पाट आणि समया धूळ खात असतात. वेत पुन्हा विणता येतो, पाय जोडता येतो, संदुकीत गोधड्या ठेवून तिच्यावर बसता येते. भिंतीतली फडताळे आणि कोनाडे बुजवून तिथे टीव्हीचे युनिट करू नका. फडताळाला जुनेच दार ठेवून आत तारा आणि सेट-टॉप बॉक्स बसवता येतो.

प्लायवूडचे कपाट हवेच असेल तर ते मातीच्या भिंतीला चिकटवू नका. दोन बोटे अंतर ठेवा, पाय जमिनीपासून उचललेले असू द्या, म्हणजे खालून झाडू फिरेल आणि वाळवीची नळी आली तर दिसेल. हलक्या प्रतीच्या प्लायला वाळवी आधी लागते आणि तिथून ती पांढऱ्या लाकडाच्या पट्ट्यांत जाते. लाकडाखाली पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली तर तो भुंग्याचा उपद्रव समजा. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाण्यातले द्रावण उघड्या लाकडात मुरवले की तो आटोक्यात येतो. लाकूड रंगाने बंद असेल तर औषध आत जात नाही, म्हणूनही रंग आधी उतरवायला सांगतो.

इंदूरच्याच एका घराची आठवण इथे देणे योग्य ठरेल. यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसिउस याच्याकडून माणिकबाग सजवून घेतला. त्या काळच्या युरोपातल्या उत्तमोत्तम रचनाकारांच्या खुर्च्या, टेबले आणि गालिचे तिथे होते. प्रत्येक वस्तू खोली पाहून निवडलेली किंवा खास घडवलेली होती. १९८० मध्ये ते सामान मोनॅकोला लिलावात विकले गेले आणि जगभर विखुरले. वास्तू आपल्या शहरात राहिली, तिचे अंतरंग परदेशी संग्रहांत गेले. आपल्या घरांतल्या कोरीव चौकटी, हस्त आणि खांब यांचे रोज हेच होत आहे, फक्त त्याची बातमी होत नाही. दलाल दारात येतो, जुन्या लाकडाचा भाव सांगतो, सोबत नवे स्टीलचे गेट देऊ करतो. तोच माल साफ होऊन दूरच्या हॉटेलात आणि शहरी बंगल्यांत कैकपट किमतीला लागतो. पैशाची अडचण असेल तर दुसरी वस्तू विका. खांब आणि चौकट विकू नका, त्या सामानात मोडत नाहीत, त्यांच्यावर घर उभे आहे. शिवाय तसे सागवान परत मिळणे अवघड. सातपुड्यातले बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. तेव्हाही जुने वृक्ष संपत चालल्याची चिंता होतीच. आज बाजारात येणारे लागवडीचे सागवान बहुधा कमी वयाचे असते, त्यात गाभा कमी आणि पांढरे लाकूड जास्त.

कापडासाठी लांब जायला नको. धार जिल्ह्यातल्या बागची लाल-काळी ठशांची छपाई सागवानाच्या रंगाशी सहज जुळते. लोड-तक्क्यांचे अभ्रे, पलंगपोस तिचे करा. दारा-खिडक्यांना महेश्वरी साड्यांचे जुने पदर लावून पाहा, कापड इतके हलके की वारा अडत नाही. महेश्वरला रेहवा सोसायटीने १९७९ पासून हातमाग पुन्हा चालते केले आहेत, तिथले नवे कापडही मिळते. जाड मखमली पडदे मात्र टाळा. ते धूळ धरतात, उजेड अडवतात आणि आगीला खाद्य देतात. ओट्यावर आणि अंगणात गेरू-खडीचे मांडणे काढणाऱ्या बायका हातोदच्या आसपासच्या खेड्यांत अजून आहेत. दिवाळीत प्लास्टिकचे स्टिकर चिकटवण्यापेक्षा त्यांना बोलवा आणि योग्य मजुरी द्या.

ज्यांनी शेतावर नवे लाकडी कॉटेज बांधायचे ठरवले आहे, त्यांना दोन शब्द. बाहेरून येणारे पाइनचे तयार घर चित्रात सुंदर दिसते. पाइनला सागवानासारखे स्वतःचे संरक्षण नाही आणि आपल्या मातीत वाळवी आहे. लाकूड दाबाने औषध मुरवलेले आहे का हे विचारा, आणि घर जमिनीपासून किमान दीड-दोन फूट उंच दगडी जोत्यावर बसवा. ओंडक्यांचे घर पहिल्या काही वर्षांत सुकत सुकत उंचीला बसते, म्हणून खिडकी-दारांच्या चौकटींवर मोकळी जागा सोडावी लागते आणि जमिनीपासून छतापर्यंत घट्ट ठोकलेली कपाटे करता येत नाहीत. हिमाचलात देवदाराचे थर आणि दगडाचे थर आलटून पालटून रचून घरे बांधतात, तिथले लाकूड तिथल्या थंड हवेचे. प्रत्येक प्रदेशाने आपल्या हवेला आणि मातीला पटेल असे लाकूड आणि अशी बांधणी शोधलेली आहे. माळव्यात ती खांब, तुळई, जाड भिंत आणि ओसरी अशी आहे, आणि नवे घरही त्या रीतीने बांधता येते. पाडलेल्या घरांचे जुने सागवान अशा नव्या घरात लावलेत तर ते आपल्याच मुलखात राहील.

पैसे एकदम लागत नाहीत. यंदा तारा बदला. पुढच्या उन्हाळ्यात एका खोलीतल्या खांबांचा रंग उतरवा. त्यानंतर भिंतींना चुना, मग बैठक. दरवर्षी एक खोली केली तरी काही वर्षांत सगळे घर मोकळे होते, आणि कर्ज काढावे लागत नाही. गावातला जो म्हातारा सुतार अजून कैची आणि सांधा हाताने बसवतो, त्याच्यासोबत घरातल्या एका तरुणाला कामाला उभे करा. तो सुतार गेल्यावर हे काम कोणाकडे न्यायचे याचे उत्तर आत्ताच तयार व्हायला हवे.

येत्या दिवाळीसाठी रंगारी ठरवण्याआधी एक सुतार आणि एक इलेक्ट्रिशियन घरी बोलवा. त्यांच्याबरोबर टॉर्च घेऊन प्रत्येक खांबाचा पायथा, प्रत्येक तुळईचे टोक आणि प्रत्येक तार पाहा. त्यानंतरच रंगाचा विचार करा.